यूएसपीचा ऑनलाइन विषय बाहेरच्या बेटांपर्यंत कसा पोचवावा?

मूळ प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांची फिजीत सुवा इथे, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकमध्ये नेमणूक झाली आहे. (तिकडे सगळे तिला यूएसपीच म्हणतात.) फेब्रुवारीच्या सत्रात पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा विषय त्यांच्याकडे असेल. काही विद्यार्थी सुवाच्या वर्गात समोर बसतील, बाकीचे बारा देशांत पसरलेले. लॉकडाऊनमध्ये रेकॉर्ड केलेली पन्नास-पन्नास मिनिटांची ४० व्याख्यानं त्यांच्याकडे तयार आहेत. तिथलं इंटरनेट ही व्याख्यानं पेलेल का, नसेल तर व्हिडिओचा दर्जा किती खाली आणू, असं ते विचारतात. जोडीला दोन छोटे प्रश्न आहेत: फिजीत हिंदी चालते, तिचा वर्गात उपयोग होईल का? आणि विद्यापीठ व फिजी सरकार यांच्यातला वाद मिटला का?

छोट्या प्रश्नांची उत्तरं शेवटी देतो. मुख्य प्रश्नाबद्दल माझं म्हणणं असं की तुमची अडचण इंटरनेटच्या वेगाची कमी आणि वेळेची जास्त आहे. विद्यार्थ्याने सोडवलेलं गणित त्याच्या हातून निघून तुमच्याकडे यायला आणि तुमचा शेरा घेऊन परत त्याच्या हातात पडायला किती दिवस लागतात, हा खरा आकडा. त्याला आपण 'फेरा' म्हणू. सुवातल्या विद्यार्थ्याचा फेरा दोन दिवसांचा असतो. सदस्य देशांपैकी किरिबाटीच्या एखाद्या बाहेरच्या बेटावर नोकरी करून शिकणाऱ्या शिक्षिकेचा तीन आठवड्यांचा असू शकतो. सत्र सुमारे चौदा आठवड्यांचं. म्हणजे तिला अख्ख्या सत्रात तुमच्याशी चार-पाचदाच बोलता येणार. विषयाची बांधणी या सर्वांत लांब फेऱ्यावरून करायची असते, सरासरीवरून नाही. संख्याशास्त्राच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: बहुसंख्य विद्यार्थी फिजीचेच असतात, त्यामुळे वर्गाची सरासरी छान दिसते आणि शेपटाकडचे वीस-पंचवीस जण गुपचूप गळालेले असतात.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. तुमच्या वर्गात फिजीबाहेरचे किती, त्यातले राजधानीच्या बेटावर किती आणि बाहेरच्या बेटांवर किती, नोकरी करून शिकणारे किती, हे कळल्याशिवाय खालच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. सॉलोमन बेटांच्या राजधानीत, होनियारात, कॅम्पसपासून दहा मिनिटांवर राहणारी मुलगी आणि तिच्याच देशातला लांबच्या प्रांतातला मुलगा यांच्यात जितका फरक आहे, तितका होनियारा आणि सुवा यांच्यात नाही. समुद्राखालच्या केबल आता बऱ्याच राजधान्यांपर्यंत पोचल्या आहेत, अलीकडे स्टारलिंकच्या उपग्रह-इंटरनेटच्या थाळ्याही दिसतात. पण थाळी बहुधा शाळेवर किंवा चर्चवर असते, विद्यार्थ्याच्या घरावर नाही. त्याच्या हातात असतो प्रीपेड डेटा, आणि तो डेटा त्याला मेगाबाइट मोजून वापरावा लागतो.

हेही लक्षात घ्या की दुरून शिकवणं या विद्यापीठाला कोविडने शिकवलेलं नाही. १९६८ साली लाउथालाच्या उपसागराकाठी, न्यूझीलंडच्या हवाई दलाने सोडलेल्या सी-प्लेनच्या तळावर ते सुरू झालं. १९७० साली त्याला रॉयल चार्टर, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेची सनद मिळाली. मालक बारा देश: कुक बेटं, फिजी, किरिबाटी, मार्शल बेटं, नौरू, निउए, सामोआ, सॉलोमन, टोकेलाऊ, टोंगा, तुवालू, व्हानुआटू. शेतीचं शिक्षण सामोआत आलाफुआला, कायद्याचं व्हानुआटूत पोर्ट व्हिलाच्या एमालस कॅम्पसवर. १९७०च्या दशकात इथले लोक नासाच्या एटीएस-१ या जुन्या उपग्रहावरून बेटाबेटांवर ट्यूटोरियल घेत होते. २००० साली यूएसपीनेट हे स्वतःचं उपग्रह जाळं उभं राहिलं. तेव्हा तारावाच्या (किरिबाटी) किंवा फुनाफुटीच्या (तुवालू) कॅम्पसवर बसलेल्या समन्वयकाला काय चालतं आणि काय अडकतं हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्या आठवड्यात त्यांना फोन करा. ईमेल नको, फोनच.

घड्याळापासून सुरुवात करू, कारण नवीन माणूस सर्वांत आधी इथे ठेचकाळतो. सदस्य देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. फिजी ग्रिनिचच्या १२ तास पुढे. सॉलोमन आणि व्हानुआटू ११ तास. टोंगा, सामोआ, टोकेलाऊ १३. किरिबाटीचं पूर्वेकडचं किरितिमाती १४. आणि कुक बेटं १० तास मागे, निउए ११ तास मागे. किरितिमाती आणि कुक बेटांतलं रारोटोंगा यांची घड्याळं अगदी एकच वेळ दाखवतात, कॅलेंडर मात्र एका दिवसाने वेगळं. सुवात सोमवारी सकाळी आठला तुम्ही ऑनलाइन तास ठेवला, तर रारोटोंगात रविवारचे दहा वाजलेले असतात आणि सगळे चर्चमध्ये असतात. तिकडचा शुक्रवार म्हणजे तुमचा शनिवार. थोडक्यात, सगळ्यांना कामाचे म्हणून सामाईक असे आठवड्यात चारच दिवस मिळतात.

आता स्वाध्याय जमा करण्याची मुदत बघा. सवयीने आपण 'शुक्रवार रात्री ११.५९' असं टाकतो. फिजीच्या वेळेने ही मुदत म्हणजे रारोटोंगात शुक्रवारची पहाट, १.५९. तिथल्या विद्यार्थ्याने 'शुक्रवार' वाचून दिवसभर बसून काम करायचं ठरवलेलं असतं, आणि सकाळी उठून बघतो तर मुदत झोपेतच गेलेली. टोंगात तीच वेळ शनिवारी पहाटे एकची. तोवर कॅम्पसची संगणक खोली केव्हाच बंद झालेली असते, मदतीला कोणी नसतं. आणि पाठोपाठ रविवार. टोंगात तर त्या दिवशी काम न करण्याची तरतूद राज्यघटनेतच आहे.

मी सुचवीन: फिजीचा बुधवार, दुपारी २. त्या क्षणी होनियारा आणि पोर्ट व्हिलात बुधवार दुपारचा १ असतो, तारावा, माजुरो (मार्शल बेटं), फुनाफुटी, नौरूत २, टोंगा, सामोआ आणि टोकेलाऊत ३, किरितिमातीत ४, निउएत मंगळवार ३ आणि रारोटोंगात मंगळवार ४. बाराही देशांत कार्यालयं उघडी, तंत्रज्ञ जागेवर, आणि गडबड झालीच तर दुरुस्तीला तासभर हातात. स्वाध्यायाच्या पानावर नुसतं 'फिजी वेळ' लिहून थांबू नका. वरची यादी जशीच्या तशी, वारासकट छापा.

मग व्हिडिओ. पन्नास मिनिटांचं ७२०पीचं व्याख्यान साधारण ४५० एमबी भरतं. ४० व्याख्यानं म्हणजे १८ जीबी. कागदावर कितीही वेग लिहिलेला असो, संध्याकाळी सगळे एकदम वापरत असताना हातात २५६ केबीपीएस मिळतील असं धरा. एक व्याख्यान उतरायला जवळजवळ चार तास, तेही मध्ये तुटलं नाही तर. दर्जा ३६०पीवर आणलात तर वेळ निम्म्याच्या आसपास येईल, पण अडचण तशीच राहते, कारण पन्नास मिनिटांत तुम्ही बोललेल्या खऱ्या कल्पना तीनच असतात आणि विद्यार्थ्याला त्यातली एकच परत ऐकायची असते.

म्हणून व्हिडिओ दाबत बसू नका, व्याख्यान मोडा. प्रत्येक कल्पनेसाठी दोन-तीन पानांचं टिपण आणि आठ-दहा मिनिटांचा ध्वनी. मोनो, ३२ केबीपीएस; बोलण्याच्या आवाजाला तेवढं पुरतं आणि दहा मिनिटांची फाइल २.४ एमबीत बसते. आवाजात पानाचा हवाला द्या: 'पान १४, तिसरं उदाहरण, दुसरी ओळ, इथे एन वजा एकने का भागलं ते बघा'. हात चालताना दिसणं खरोखर गरजेचं असेल तिथेच, म्हणजे सामान्य वितरणाचा तक्ता वाचणं किंवा आलेख काढणं, छोटा व्हिडिओ करा: ३०० केबीपीएस, दहा मिनिटांच्या आत, सुमारे २२ एमबी. आठवड्याचं बजेट २५ एमबी ठेवा. व्हिडिओच्या आठवड्यात दुसरं काही जड टाकायचं नाही. चौदा आठवड्यांचे ३५० एमबी होतात. अख्खं सत्र तुमच्या आत्ताच्या एका व्याख्यानाहून हलकं.

पीडीएफ करताना स्कॅन टाळा. टाइप केलेलं पन्नास पानी टिपण एका एमबीच्या आत राहतं. तेच रंगीत स्कॅन केलं तर पानागणिक एमबी जातो, आणि फोनवर शब्द शोधताही येत नाही.

जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती म्हणजे वर चढवणं, अपलोड. उतरवण्यापेक्षा चढवण्याचा वेग खूपच कमी असतो. तुम्ही 'हाताने सोडवून फोटो टाका' म्हणालात की विद्यार्थी सहा पानांचे सहा फोटो काढतो, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. मग २५-३० एमबी चढता चढत नाहीत, ७० टक्क्यांवर तुटतं, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि त्याचा आठवड्याचा डेटा त्यातच जळतो. उपाय साधा आहे: एक पानी उत्तरपत्रिका ठरवून द्या, स्कॅनच्या अॅपमध्ये काळं-पांढरं निवडायला शिकवा, फाइल एक एमबीच्या आत मागा. आणि कॅम्पसच्या खिडकीवर कागद जमा करण्याची वाट नेहमी उघडी ठेवा. तिथला शिक्का आणि तारीख हीच जमा झाल्याची तारीख, कागद तुमच्याकडे केव्हाही पोचो.

यूएसपीत ऑनलाइन विषय चालवायला मूडल ही प्रणाली वापरतात. त्याच्या मोबाइल अॅपमध्ये विषय आधी उतरवून ठेवता येतो आणि चाचणीही जोडणीशिवाय सोडवता येते, पण त्यासाठी चाचणीच्या सेटिंगमध्ये ऑफलाइनची परवानगी द्यावी लागते, वेळेची मर्यादा काढावी लागते, प्रश्न ठरावीक क्रमानेच सोडवण्याची अट काढावी लागते आणि अभिप्राय शेवटी एकदम मिळेल असा पर्याय निवडावा लागतो. यातलं एकही राहिलं तर अॅप चाचणी ऑफलाइन उघडत नाही, आणि विद्यार्थ्याला ते बेटावर पोचल्यावर कळतं. ३० मिनिटांच्या वेळ लावलेल्या चाचण्या सरावासाठी ठेवूच नका. स्वतः तपासायचं तर स्वस्त अँड्रॉइड फोन घ्या, कॅम्पसवर विषय उतरवा, फोन विमान मोडवर टाका आणि पहिला आठवडा विद्यार्थी म्हणून पूर्ण करून बघा. जिथे अडकाल ते दुरुस्त करा.

सॉफ्टवेअरचंही तसंच. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं विकतचं सॉफ्टवेअर लॅबमध्येच मिळतं, म्हणून मूल्यमापन त्यावर टांगू नका. पहिल्या वर्षाला कॅल्क्युलेटर, तक्ते आणि साधी स्प्रेडशीट पुरते. 'आर' हे संख्याशास्त्राचं फुकट सॉफ्टवेअर वापरायचंच असेल तर मूळ आवृत्तीतच काय ते भागवा. बाहेरचं पॅकेज मागणारी एक ओळ जरी दिलीत तरी जोडणी नसलेल्याचा प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि चूक आपली आहे असं त्याला वाटत राहतं.

छापील संच हा गरिबांचा पर्याय समजू नका. सगळ्यात भरवशाचा मार्ग तोच आहे. त्यात काय बिघडतं ते मात्र माहीत हवं. दमट खाऱ्या हवेत लोखंडी पिना महिन्या-दोन महिन्यांत गंजून पानं सोडतात, गोंदाने चिकटवलेली पाठ उकलते, इंकजेटची शाई ओल्या हाताने पसरते. लेझर छपाई, प्लास्टिकच्या कंगव्यासारख्या पट्टीची (कोम्ब) बांधणी, आणि प्रत्येक संच झिप लावायच्या पिशवीत. सोबत पेनड्राइव्ह द्या आणि त्यात सगळं: टिपणं, ध्वनी, मागच्या प्रश्नपत्रिका, एक साधं अनुक्रमाचं वेबपान. फाइलींची नावं लहान आणि रोमन अक्षरांत, रिकाम्या जागा न सोडता. पेनड्राइव्ह फोनला जोडायची छोटी ओटीजी पिनही त्याच पिशवीत. लॅपटॉप असेल असं गृहीत धरायचं नाही.

संच सत्र सुरू होण्याआधी कॅम्पसवर पोचायला हवा. तिथून पुढे तो स्थानिक जहाजाने किंवा छोट्या विमानाने जातो आणि ती वेळापत्रकं इंजिन, इंधन, हवामान यांच्या मर्जीवर असतात. किरिबाटी हा एकच देश घ्या: ३३ बेटं, ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली. तारावाहून त्याच देशातल्या किरितिमातीला जायचं तर तीन हजारांवर किलोमीटर, आणि प्रवास बरेचदा परदेशातून, फिजीतल्या नांदीवरून. म्हणून 'तारावाला पाठवलं' म्हणजे 'किरिबाटीत पोचलं' असं नाही. किरितिमातीची पेटी वेगळी करा.

थेट ऑनलाइन तास घ्या, पण त्यावर विसंबू नका. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो. तुमचा प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. आवाज उपग्रहावरून दोनदा जात असेल तर दुप्पट. एवढ्यात पुण्याच्या सवयीने तुम्ही 'कोणालाच येत नाही? मीच सांगतो' असं म्हणून मोकळे झालेले असता आणि तिकडचं उत्तर तुमच्या आवाजाखाली दबतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा. उघडा प्रश्न टाकू नका, कॅम्पसची नावं ठरलेल्या क्रमाने घ्या: 'टोंगा, मग व्हानुआटू, मग मार्शल'. कॅमेरे बंद. स्लाइडची पीडीएफ आदल्या दिवशी सगळ्यांकडे गेलेली. असा तास फक्त आवाजावर चालला तरी चालतो.

त्याहून महत्त्वाचं: 'समजलं का?' हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. ज्येष्ठाला 'नाही' म्हणणं पॅसिफिकच्या बहुतेक समाजांत उद्धटपणाचं वाटतं, म्हणून उत्तर 'हो' किंवा शांतता. त्या शांततेवरून वर्ग कच्चा आहे असं ठरवू नका, आणि पक्का आहे असंही नाही. 'दुसरं आणि पाचवं, यांतलं कुठलं उदाहरण परत सोडवू?' असं विचारा; उत्तर मिळतं. लेखी, खासगीत विचारायची सोय दिली की प्रश्न जास्त येतात. इंग्रजी ही अनेकांची तिसरी भाषा आहे, व्हानुआटूतले काही जण तर फ्रेंच शाळांतून आलेले. दुहेरी नकाराची वाक्यं संख्याशास्त्रात तशीही घातक. शून्य गृहीतक 'नाकारता येत नाही' हे दोन वेगळ्या उदाहरणांनी समजवा.

मूल्यमापनात मी दोन गोष्टींवर अडून बसेन. एक, तिसऱ्या आठवड्यात पाच गुणांचा अगदी सोपा स्वाध्याय. तो गुणांसाठी नाहीच. कोणापर्यंत संच पोचला नाही, कोणाचं लॉगिन चालत नाही, कोण प्रवेश घेऊन बोटीवर निघून गेला, हे त्यातून कळतं. ज्यांचा आला नाही त्यांची यादी त्याच दिवशी संबंधित कॅम्पसकडे, आणि तिथून फोन. सहाव्या आठवड्यापर्यंत थांबलात तर मोठ्या फेऱ्याच्या विद्यार्थ्याला सावरायला वेळच उरत नाही. दोन, पहिला तपासलेला स्वाध्याय हातात पडल्याशिवाय दुसऱ्याची मुदत येता कामा नये. नाहीतर तीच चूक तो तीनदा करतो आणि तिन्हीदा गुण जातात. त्यासाठी स्वाध्याय कमी करावे लागले तरी करा. चार ठेवून उत्तम तीन धरणं हा चांगला तोडगा आहे: घरातलं दुखणं, गावातला अंत्यविधी (तो आठवडाभर चालू शकतो आणि टाळता येत नाही), चर्चचं काम, यांसाठी प्रत्येकाला अर्ज करायला लागत नाही.

फेब्रुवारीचं सत्र नेमकं चक्रीवादळांच्या दिवसांत येतं. मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. विन्स्टन फिजीवर आलं २० फेब्रुवारी २०१६ ला, पॅम व्हानुआटूवर मार्च २०१५ मध्ये, आणि मार्च २०२३ मध्ये ज्युडी व केव्हिन अशी दोन वादळं व्हानुआटूवर एकाच आठवड्यात. केबलचाही भरवसा नाही: १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या स्फोटाने टोंगाची केबल तुटली, ती जोडायला पाच आठवडे लागले आणि देशांतर्गत बेटांची केबल दुरुस्त व्हायला जवळपास दीड वर्ष. म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत मोठ्या गुणांची एकही परीक्षा नको. मुदतवाढ ठिकाणावरून आपोआप द्या: कॅम्पस बंद झाला की त्या भागातल्या सगळ्यांना दोन आठवडे. 'अर्ज करा, विचार करू' हे चालत नाही. ज्याच्या घराचं छप्पर उडालं आणि वीज गेली तो अर्ज पाठवणार कशाने?

अंतिम परीक्षा कॅम्पसवर देखरेखीखाली होते. सगळ्यांनी एकाच क्षणी बसायचं असेल तर सुवाची बुधवार सकाळ ९ सोयीची: होनियारात ८, टोंगात १०, किरितिमातीत ११, आणि रारोटोंगात मंगळवार ११. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर दोन्ही वार आणि दोन्ही तारखा छापा. नुसता 'बुधवार' छापला तर कुक बेटांवरचा विद्यार्थी चोवीस तास उशिरा येतो, आणि चूक त्याची नसते.

इथपर्यंतचं एका दमात: मुदत बुधवारी दुपारी, आठवड्याला २५ एमबी, सगळं ऑफलाइन चालेल असं, संच आधी, तिसऱ्या आठवड्यात चाचपणी, मुदतवाढ ठिकाणावरून. हे जमलं तर व्हिडिओचा दर्जा हा प्रश्न उरतच नाही.

आशयाबद्दल मात्र थोडं रेंगाळतो, कारण संख्याशास्त्रात इथे मजा आहे. पुस्तकात लोकसंख्या 'पुरेशी मोठी' असते. निउएत जेमतेम सोळाशे-सतराशे माणसं राहतात. १,६०० पैकी ४०० जणांचा नमुना घेतलात तर मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती लावावी लागते: १,२०० (नमुन्याबाहेरचे) भागिले १,५९९ (एकूण वजा एक) चं वर्गमूळ, म्हणजे ०.८६६. प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) १३ टक्क्यांनी कमी होते. पहिल्या वर्षाची पुस्तकं हे सूत्र तळटीपेत ढकलतात. तुम्ही मुख्य धड्यात घ्या, कारण यातले बरेच विद्यार्थी पुढे आपापल्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयात किंवा खात्यात याच आकड्यांवर काम करतील. गोपनीयताही तिथेच शिकवा. वय, गाव आणि व्यवसाय अशा तक्त्यात एका घरात '२' आलं, तर बेटावर प्रत्येकाला ती दोन माणसं कोण ते माहीत असतं.

सरासरी फसवते कशी यासाठी पावसाची टाकी घ्या. तुवालूत पिण्याचं पाणी मुख्यतः छपरावरचं. ६० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० लिटर. सहा जणांचं कुटुंब माणशी ५० लिटर धरून रोज ३०० लिटर वापरतं, तर भरलेली १०,००० लिटरची टाकी ३३ दिवस टिकते. तेव्हा वर्षाची सरासरी कितीही भरघोस असो, कुटुंबाला विचारायचा आकडा म्हणजे सलग कोरड्या दिवसांचा सर्वांत मोठा पल्ला. २०११ साली पाण्याअभावी तुवालूला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. ते वर्ष वर्गातल्या काहींना आठवत असेल. तुमच्या टिपणांतली मुंबईच्या लोकलची उदाहरणं काढून टाका. खोबऱ्याचा भाव, टूनाची पकड, परदेशातून घरी येणारे पैसे, बोटीच्या उशिराचे दिवस: यावर गणितं घातली की इंग्रजीचा अडसरही कमी होतो.

आता हिंदी. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं भारतातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीला नेली गेली. त्यांच्या अवधी-भोजपुरी बोलींतून आजची फिजी हिंदी घडली. बाजारात, टॅक्सीत ती तुम्हाला कळेल आणि लोक खूष होतील. वर्गात आणि कॅम्पसच्या कामात मात्र एक वाक्यही नको. १९८७ आणि २००० च्या बंडांत इथलं राजकारण मूळ फिजीयन आणि भारतीय वंशाचे अशा रेषेवर फाटलेलं आहे. समोर बसलेल्या इतौकेई (मूळ फिजीयन) मुलाला आणि फोनवरच्या टोंगन मुलीला तुमचं एक हिंदी वाक्य 'हे त्यांचे, भारतीयांचे सर आहेत' एवढंच सांगतं. शंकानिरसन तासानंतर, कोणी एकट्याने हिंदीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहा.

आणि वाद. फेब्रुवारी २०२१ मध्ये फिजीने कुलगुरू पाल अहलुवालिया यांना देशाबाहेर काढलं. ते पुढे नौरूतून आणि मग सामोआतून काम पाहत होते, आणि फिजीने विद्यापीठाला द्यायचा आपला निधीचा वाटा रोखला होता. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीनंतर आलेल्या सितिवेनी राबुका यांच्या सरकारने ती भूमिका बदलली. तुमच्यासाठी यातला कामाचा भाग इतकाच: नोकरी देतं विद्यापीठ, पण राहायचा परवाना देतो तुम्ही जिथे राहाल तो देश. परवाना हातात आल्याशिवाय पुण्याचं घर सोडू नका, आणि कुटुंबाच्या परवान्याचं वेगळं विचारा.

जाण्याआधी विभागाला एक मेल टाका आणि चार गोष्टी मागवा: मागच्या दोन सत्रांतली कॅम्पसनिहाय पटसंख्या आणि उत्तीर्णांची संख्या, छपाईसाठी मजकूर देण्याची शेवटची तारीख, जी बहुधा तुम्हाला वाटते त्याच्या खूप आधीची असते, प्रत्येक कॅम्पसच्या समन्वयकाचा फोन नंबर, आणि परीक्षेला कुठले कॅल्क्युलेटर चालतात त्यांची यादी. छपाईची तारीख आधीच उलटून गेली असेल तर मागच्या वर्षीचाच संच जाऊ द्या, आणि तुमचे बदल चार पानांच्या पुरवणीत घाला.